सगळे बिल्ले जागेवर

हलू नका. नाही नाही, मावशी, अजिबात हलू नका, आहात तशाच बसून राहा — पाठ दगडाला टेकलीय ना? मग झालं. पाय लांब करायचा असेल तर सरळ समोर करा, डावीकडे नको, डावीकडे तो कठडा मोडलाय आणि त्याच्या पलीकडे — थांबा, तुमची डावी की माझी डावी? तुम्ही माझ्याकडे तोंड करून बसला होतात की — हे बघा, कुठल्याच बाजूला नको. दुखू दे थोडा पाय. गाईडने मघाशी तिथूनच खाली खडा टाकून दाखवला ना, आणि सगळे माना वाकवून उभे, आता आवाज येईल, आता येईल, आणि शेवटी डुबुक झालं तेव्हा टाळ्या वाजवल्या लोकांनी. टाळ्या कसल्या वाजवायच्या त्यात? मग तो म्हणाला, दिवे गेलेच कधी तर आहात तिथे खाली बसायचं, एक पाऊल टाकायचं नाही, आमचा माणूस येतो आत. त्याचीही लोकांना गंमत वाटली. आमचे हेही हसले. मी नाही हसले — पण ते कुणाला कळलं नसणार, मी हसते तेव्हाही फारसं कळत नाही.

येतील दिवे. वीज गेली असेल नुसती, येईल परत. डोंगराळ भाग म्हटल्यावर जायचीच वीज — तुम्ही हात द्या बघू इकडे. कुठे आहे? हा तुमचा पदर. हा दगड. ई, ओला आहे. हां, हा हात. गार पडलाय की हो. माझाही गारच आहे, म्हणजे दोघींचा मिळून काही उपयोग नाही, पण असू दे. — मावशी, एक सांगू? वीज गेलेली नाही. खोटं कशाला बोलू तुमच्याशी, इथे दुसरं आहे कोण. वीज जाते तेव्हा सगळी एकदम जाते. हे दिवे एकेक करून गेले — आधी तो लांबचा, जिन्याजवळचा, मग कमानीवरचा, मग आपल्या डोक्यावरचा. तुम्ही पाय चोळत होतात, तुमचं लक्ष नव्हतं. मी बघत होते. कुणीतरी तिकडे बाहेर उभं राहून एकेक बटण खाली करत होतं, सावकाश, घरी झोपायच्या आधी करतात तसं. मी ओरडणार होते. तोंड उघडलं सुद्धा. तेवढ्यात शेवटचा गेला.

कारण असं आहे — तुम्ही दारावर ती फळी पाहिलीत ना, खिळे ठोकलेली, पत्र्याचे बिल्ले अडकवलेली? आत येताना माणशी एक बिल्ला घ्यायचा, बाहेर गेलं की परत खिळ्याला लावायचा. फळी भरली की समजायचं, आत कोणी नाही, आणि दिवे घालवायचे. ताबडतोब घालवतात म्हणे. दिवे चालू राहिले की ह्या दगडावर हिरवं शेवाळ धरतं, उजेड आणि ओल मिळाली की झालं त्याचं काम, म्हणून कुणी नसताना एक क्षणही दिवा ठेवत नाहीत. हे सगळं गाईडने सांगितलं, मी ऐकलं. मी सगळं ऐकते. तुमचा बिल्ला कुठे आहे? — भाच्याकडे? सगळ्यांचे त्याच्याचकडे? आणि त्याने मूठभर बिल्ले एकदम गाईडच्या हातात ठेवले, वर देवळाकडे जाताना, हो ना? मी पाहिलं ते. जाड अंगठी घातलेला, तोच ना? आणि माझा बिल्ला ह्यांच्या खिशात. आत शिरतानाच म्हणाले, दे इकडे, हरवशील. दोघांचे दोन त्यांच्याच शर्टाच्या खिशात. दारावर गेले असणार, दोन्ही काढले असणार, दोन्ही अडकवले असणार. आता ती फळी अगदी भरलेली असेल, मावशी. एकही खिळा मोकळा नसेल. आपण दोघी बाहेर आहोत.

फोन माझा त्यांच्याच बॅगेत आहे. ओलीने खराब होईल म्हणाले. तुमचा? बसमध्ये. छान.

श्श. — काही नाही. थेंब आहे. मला वाटलं पाऊल. मघापासून तो थेंब पडतोय आणि प्रत्येक वेळी मला वाटतं पाऊल वाजलं, आणि मग दुसरं वाजत नाही. एकाच पायाने कोण येईल? तुम्हाला डोळे उघडे आहेत की मिटलेत ते कळतंय का? मी मघाशी बोट लावून पाहिलं. उघडे होते. मला हे असलं — मला ना, घरी सुद्धा दार पूर्ण लावलेलं सहन होत नाही, एक फट लागते उजेडाची. ह्यांना ती सवय नाही. ते फट बंद करतात, मी ते झोपले की परत उघडते, सकाळी ते म्हणतात, ही कडी सैल झालीय, सुताराला बोलवायला पाहिजे. मी म्हणते, हो. एकदा सुतार येऊनही गेला.

बोलतेय ना मी खूप? मला बोलायची हौस आहे असं नाही, पण मी थांबले की हे सगळं एकदम जवळ येतं. तुम्हाला चालेल ना? तुम्ही नुसतं अधूनमधून हं म्हणा. आमच्या लग्नाला फार दिवस नाही झाले. हे म्हणजे लग्नानंतरचं फिरणं चाललंय आमचं, आणि बरोबर सासूबाई. हसू नका. हसा, हसा, बरं वाटलं ऐकून. त्यांची काही चूक नाही, त्यांना ह्या डोंगरावरच्या देवळात यायचं होतं केव्हापासून, ह्यांना गुहा बघायच्या होत्या लहानपणापासून, एकाच ठिकाणी दोन्ही आहे म्हटल्यावर ठरलंच. मला काय बघायचं होतं? मला कुणी — नाही, विचारलं होतं. तसं विचारलं होतं. म्हणाले, तुला चालेल ना? मी म्हटलं, चालेल. हे विचारणंच झालं ना?

आणि गुहा चांगली आहे हो. मी भूगोलात पाठ केलेलं, अधोमुखी लवणस्तंभ, ऊर्ध्वमुखी लवणस्तंभ, आकृती काढून नावे द्या. आकृतीत हे काही नसतं, हा वास, आणि तो दगड मेणासारखा, आतून उजेड असल्यासारखा. गाईड काठीने दाखवत सुटला, हा हत्ती, हा सिंह, ही आई आणि मूल, आणि आमचे हे दर वेळी म्हणत होते, कोबी. हत्ती दाखवला, कोबी. सिंह दाखवला, कोबीच आहे हो. सगळे हसत होते. मलाही हसू येत होतं. चांगले आहेत ते, मावशी. तुम्ही भेटाल ना आता बाहेर, बघाल.

मागे कशी राहिले मी? चपलेचा बंद निघाला. तो लावत बसले, तोवर मंडळी पुढे. त्या फाट्यावर दोन भाग झाले ना सगळ्यांचे — वर जाणारे आणि बाहेर जाणारे. लोखंडी जिन्याने वर गेलं की थेट देवळाच्या मागे निघतं. सासूबाई तर आत आल्याच नव्हत्या, त्या बाहेरच्या पायऱ्यांनी सकाळीच वर गेल्या, गुडघे धरत, आपल्या वेगाने. मग वर जाणाऱ्यांना वाटलं मी बाहेर जाणाऱ्यांत आहे. बाहेर जाणाऱ्यांना, म्हणजे ह्यांना, वाटलं असणार मी वर गेले, आईंपाशी. आणि वर आईंना वाटत असणार, मी ह्यांच्याबरोबर. इतकं सरळ आहे. कुणी विसरलेलं नाही मला. दोघांनाही माहीत आहे की मी दुसऱ्याजवळ आहे.

तुमचंही तसंच झालं असेल. तुम्ही म्हणालात, मी टेकते जरा, या बघून, येताना घ्या मला. आणि मग ज्याला त्याला वाटलं की दुसऱ्याने घेतलं. बॅगांचं नाही हो असं होत. आमचे हे बसमध्ये चढल्यावर बॅगा मोजतात, तीन तीनदा मोजतात, वरच्या फळीवरच्या, सीटखालच्या. एकही बॅग आजवर हरवलेली नाही आमची. माझ्या डोक्यात मघाशी काय आलं माहितेय? की माझ्या हातात एखादी बॅग असती तर —

ऐकलंत? वरून. खूप वरून. घंटा. ती जिन्याची वाट आहे ना, त्या फटीतून येतोय आवाज. परत. ह्या सासूबाई. नाही, ओळखते मी, शंभर घंटांत ओळखेन. त्या देवळात घंटा अशी वाजवतात, जसं काही देव आत आहे आणि दार उघडत नाहीये. बघा, परत. म्हणजे त्या अगदी आपल्या डोक्यावर आहेत. मध्ये नुसता डोंगर. मी ओरडू? मघाशी ओरडले होते ना मी, दिवे गेले तेव्हा. ते ओरडणं होतं, मावशी. तुम्हाला वाटलं मी तुमच्याशी काही बोलले. मी 'अहो' म्हटलं. आता 'अहो' म्हणून कोण येणार, सगळ्या जगाचे नवरे अहो असतात, आणि वर तो आवाज आत जाऊन परत आला, असा बारीक होऊन, आत कुठेतरी बायका बसल्यात रांगेने आणि एकेक जण अहो म्हणतेय — नको. परत नाही ओरडणार मी. तुम्ही ओरडा हवं तर. नको, तुम्हीही नको. तो आवाज परत येतो ते मला नको आहे.

किती वेळ झाला असेल? तुम्हाला काय वाटतं? मला वाटतं बराच. म्हणजे सासूबाई खाली उतरतील आता. बाहेरच्या पायऱ्यांनी, हळूहळू. खाली बसपाशी हे उभे असतील. आई दिसल्या की हे म्हणतील, ही कुठे? आणि आई म्हणतील, तुझ्याबरोबर नाही? झालं. तिथे कळेल. तिथे कळायलाच पाहिजे. फक्त आई उतरायला लागतात तो वेळ. एक एक पायरी, दोन्ही पाय टेकून. आणि मग हे धावत येतील दारावर, त्या माणसाला म्हणतील — हो ना? तुम्हाला काय वाटतं?

ते लक्ष ठेवतात हो माझ्याकडे. परवा बोटाला फोड आला माझ्या, त्यांना लगेच दिसला, उठून जाऊन मलम घेऊन आले, स्वतः लावलं, वर फुंकर मारली. असे आहेत. कशाने आला ते नाही विचारलं. म्हणजे भाजलं होतं, तसं सांगण्यासारखं काही नव्हतंच. पण नाही विचारलं. आणि एकदा — हे मी तक्रार म्हणून सांगत नाहीये — एकदा मी गच्चीवर कपडे वाळत घालायला गेले आणि तिथेच बसून राहिले. नुसती. टाकीच्या सावलीला. चांगलं वाटत होतं, बसले. कपडे वाळून गेले तरी बसले. खाली आले तर सगळ्यांचा चहा झालेला, आणि माझा कप ओट्यावर, वर बशी झाकलेली. गार झाला होता. आता बशी झाकली म्हणजे आठवण होती, की नाही? कुणाच्या तरी मनात होतं की हिला राहिलाय द्यायचा. मी तो तसाच प्यायले उभ्या उभ्या. कुणी म्हणालं नाही, अगं, कुठे होतीस इतका वेळ? मी दिवसभर वाट पाहिली. त्यांच्या मनात बशी आली, हे आलं नाही. मी ते घोळवत बसते. मला उद्योग नाही, दुसरं काय.

मावशी?

मावशी. — अहो, हं म्हणा ना. तुमचा हात — तुम्ही हात कधी काढून घेतलात? मावशी! हे बघा, असं करू नका, मी तुमचं तोंड सुद्धा नीट पाहिलेलं नाही, मी आले आणि दिवे गेले, मी पाहिली ती एक हिरवी साडी आणि पांढरा पाय, बाकी तुम्ही कोण आहात, आहात की नाही आहात, मला — हुश्श. झोप लागली? कसली झोप लागते इथे! नाही, रागावले नाही. घाबरले. द्या तो हात, आणि सोडू नका, मला नको असलेलं सगळं त्या एका घटकेत डोक्यात येऊन गेलं. झोपायचं नाही हं. पाय सुजला तरी चालेल, झोपायचं नाही. मी काय वाटेल ते बोलेन, तुम्ही ऐका. आता हे काय — पायावरून काय गेलं? गेलं ना काहीतरी? ओढणी. माझीच ओढणी आहे. देवा.

चपलेचा बंद वगैरे काही निघाला नव्हता. असंच सांगितलं मघाशी. मी मुद्दाम थांबले मागे. त्या वळणावर एक दगड आहे, गाईडने त्याच्यावर काठी मारली नाही, नाव घेतलं नाही, सगळे पुढे गेले त्याला ओलांडून. तो कशासारखाच नव्हता, मावशी. हत्ती नाही, बाई नाही, कोबीसुद्धा नाही. नुसता ओला आणि उभा, आणि वरून थेंब पडत होता त्याच्या डोक्यावर. मला वाटलं, जरा थांबावं. लग्न झाल्यापासून मी एकटी अशी — न्हाणीघरात सुद्धा कुणी ना कुणी बाहेरून विचारतं, गॅस बंद केलास का. तर वाटलं, जाऊ दे त्यांना पुढे, पाच मिनिटं. आवाज लांब लांब गेले. फाट्यावर त्यांची पांगापांग झाली, ती ऐकली मी, दगडाआडून थोडी पाहिलीही. ह्यांचा आवाज ओळखू येत होता. मी वाट बघत होते की आता ते म्हणतील — आता म्हणतील — आणि खरं सांगू, पहिल्यांदा तर मजा वाटत होती. लहान मुलं लपतात आणि हसू दाबतात ना, तसं. मग ती मजा हळूहळू गेली. आवाज बाहेर गेले. कुणी काही म्हणालं नाही. आणि मग तुमचं कण्हणं ऐकू आलं. बरं झालं तुमचा पाय मुरगळला — म्हणजे बरं नाही झालं — तुम्हाला कळतंय मला काय म्हणायचंय.

आमच्या बाबांना सवय होती. कामावरून आले की दारात चपला काढायच्या आधी विचारायचे, कुठंय ही? मी समोरच असायचे, खाली बसून वही उघडलेली, त्यांच्या पायाशी. तरी विचारायचे. मी वैतागायचे. म्हणायचे, बाबा, दिसतेय ना समोर! ते म्हणायचे, हो, दिसलीस आता, आणि मग चपला काढायचे. आई म्हणायची, ह्यांचं डोळ्यांचं काम निघालंय. इतकं बारीकसं आहे ते. घरात शिरल्यावर दोन शब्द. सासरी गेल्यावर पहिल्या आठवड्यात माझ्या लक्षात आलं की आपण काय ऐकू यायची वाट बघतोय. आणि हे कुणाला सांगणार? ह्यांना म्हणू, तुम्ही घरात आल्यावर मी कुठे आहे म्हणून विचारत जा? विचारतील. रोज विचारतील, बॅगा मोजतात तसं. सांगून विचारलेलं काय कामाचं?

मला अंधाराची भीती आहे म्हटलं ना. ती खरीच आहे. पण मघापासून मी बसल्या बसल्या हे मोजतेय की आई किती पायऱ्या उतरल्या असतील, आणि माझ्या पोटात ते नाहीये की कुणी येणार नाही. कुणीतरी येणारच. सकाळी झाडायला तरी येतील. मला भीती कशाची वाटतेय सांगू — की आई उतरल्या, बसमध्ये जाऊन बसल्या, हे बाहेर उभे, आणि दोघांनाही अजून —

थांबा.

हा थेंब नाही. नाही ना? आता मी म्हणते म्हणून नको, तुम्ही ऐका. दोन पायांचं आहे. आणि — मावशी, डोळे मिटा, एकदम उघडू नका — आला! तो लांबचा आला. कमानीवरचा आला. बटणाबटणाने आला, हळूहळू. अगं बाई. अशा दिसता होय तुम्ही. मी मनात किती म्हातारी केली होती तुम्हाला. रडताय काय आता? झालं की. दगडावर कोण कसं बसलंय बघा आपण, आणि कठडा पाहा किती लांब आहे, मी उगीच तुम्हाला आखडून बसवलं. श्श, थांबा, ओ देऊ नका अजून. एक क्षण. हाक मारतायत. काय म्हणतायत ते ऐकू द्या मला.

आत्या. 'आत्या' म्हणतायत. तुम्हीच ना आत्या? तुमचा भाचा. बघा, मी म्हटलं नव्हतं, कुणाच्या तरी लक्षात येणारच. नाही, थांबा ना, पाया पडते, अजून ओ देऊ नका. तो दुसरा कोण आहे? दारावरचा. काहीतरी विचारतोय. — ऐकलंत? विचारतोय, एकच ना आत? आणि तुमचा भाचा काय म्हणाला? हो, एकच. आत्याच तेवढी राहिली.

नाही, त्याची काय चूक? त्याला काय माहीत. बाहेर कुणी काही म्हणालं असतं तर त्या दारावरच्याने विचारलं नसतं असं. दोघीजणी म्हणाला असता.

उठा. पाय टेकवू नका तो, माझ्या खांद्यावर हात टाका. वळणापर्यंत मी सोडते तुम्हाला, पुढे भाचा धरेल. मी? मी येते ना. मागून. लगेच नाही. — मावशी, ओढू नका, ऐका. मी आत्ता तुमच्याबरोबर बाहेर आले ना, तर हे बसच्या दाराशी उभे असतील, म्हणतील, आलीस? आई आत बसल्यात, चल. मी चढेन. बस सुटेल. आणि मग मला कधीच कळणार नाही. म्हातारी होईन मी त्यांच्या शेजारी बसून, चांगल्या माणसाच्या शेजारी, आणि मला कळणार नाही की बस सुटायच्या आधी त्यांनी वळून पाहिलं असतं की नाही. तेवढं एक मला आज कळू दे. नाही पाहिलं तर — तर निदान कळलं म्हणायचं.

दिवे परत घालवतील, माहीत आहे मला. वाटतेय भीती. खूप वाटतेय, दात वाजतायत बघा, लपवत नाही मी. म्हणून तर म्हणते लवकर जा. बसपाशी निळ्या शर्टाचे, चष्मा आहे, उंच आहेत, थोडे वाकून उभे राहतात. तुम्ही त्यांना काही बोलायचं नाही. नुसत्या त्यांच्या जवळून जा, पाय दुखतोय म्हणून तिथे जरा थांबा. त्यांनी विचारलं — तुम्हाला, ड्रायव्हरला, आईंना, कुणालाही — ही कुठे आहे, आत कोणी राहिलंय का, काहीही — तर लगेच सांगा. ओरडून सांगा, धावत पाठवा त्यांना. पण आपणहून नाही सांगायचं. — शपथ नको. नुसतं हो म्हणा. डोळे पुसा आधी, भाचा विचारेल काय झालं.

हं, वळण आलं. द्या ओ त्यांना. मी इथे दगडामागे थांबते. जा.

विचारलं तरच, मावशी.